ताटली उलटी करा : सुखोथाई की सवनखलोक?

उलटी_वाटी
नमस्कार मंडळी. एका खासगी संग्रहातली ताटली समोर आहे. व्यास २६ सेंटीमीटर. मधोमध काळ्या रेघांचा एकच मासा, भोवती दोन गोल रेघा, कडेला वेलबुट्टीचा पट्टा. वरून फिकट हिरवट, आरपार दिसणारी झिलई आणि तिच्यात बारीक तडे. सोबत विक्रेत्याची चिठ्ठी: 'सुखोथाई, तेरावे शतक, मर्तबानचा माल'. एका ओळीत तीन दावे, आणि मला तिन्ही लटके वाटतात.

प्रश्न असा: थायलंडच्या जुन्या स्टोनवेअरमध्ये (दगडासारखी कडक भाजलेली भांडी) सुखोथाई आणि सवनखलोक या दोन ठिकाणच्या भट्ट्यांचा माल वेगळा करताना भरवसा कशावर ठेवायचा? बहुतेक जण माशावर ठेवतात. माझं म्हणणं, मासा कोणीही काढेल. फोटो इथे चढत नाहीत, तेव्हा विचाराल ते मोजून सांगतो.

भट्टीतला_धूर
मासा राहू द्या. ताटलीच्या आत पाच ठिपके आहेत का? आणि तळ कसा आहे?

शब्दखोर
तळ येईपर्यंत नावं बघून घेऊ, कारण ती आपल्याला फुकट कळतात. सवनखलोक म्हणजे स्वर्गलोक. सुखोथाई म्हणजे सुखोदय. भट्ट्या ज्या गावाजवळ आहेत ते सी सच्चनालय, म्हणजे श्री सज्जनालय. अयुथया राजवटीत याच गावाला सवनखलोक म्हणू लागले, आणि त्याचा बोलीतला अपभ्रंश 'संखलोक' भांड्यांना चिकटला. थाई लोक आज दोन्हीकडच्या भांड्यांना सरसकट संखलोक म्हणतात. घोळाची सुरुवात तिथूनच.

कोपरखळी
स्वर्गलोकातली भांडी सज्जनांच्या घरी बनली आणि विकणारे मात्र...

भट्टीतला_धूर
@उलटी_वाटी, ठिपके का विचारले ते सांगतो.

सुखोथाईच्या भट्ट्या जुन्या शहराच्या उत्तरेला, वाट फ्रा फाय लुआंगच्या आसपास. तिथे ताटल्या-वाडगे एकावर एक रचून भाजत. झिलई वितळली की दोन भांडी एकमेकांना कायमची चिकटणार, म्हणून मध्ये मातीची चकती ठेवायची. चकतीच्या एका बाजूला पाच टोकं. टोकं खालच्या भांड्याच्या आत टेकतात आणि सपाट बाजूवर वरच्या भांड्याची बैठक बसते. भाजून झाल्यावर चकती ठोकून काढली की खालच्या भांड्यात पाच ओरखडे राहतात. बहुतेक वेळा ते नक्षीच्या ऐन मध्यावर पडलेले असतात. कारागिराला त्याचं काही वाटत नसे, भट्टीत जास्तीत जास्त माल बसणं महत्त्वाचं.

सी सच्चनालयाची रीत वेगळी. तिथे मातीची पोकळ नळी उभी करायची, तिचं खालचं टोक भट्टीतल्या वाळूत रुतवायचं आणि भांडं तिच्यावर ठेवायचं. जमीन उतरती असल्याने नळीचं बूड तिरकं कापलेलं असे, म्हणजे वर भांडं सपाट बसतं. नळीचं तोंड तळाला जिथे टेकतं तिथे काळपट गोल व्रण उमटतो. तो बैठकीच्या कड्याच्या आत असतो आणि बऱ्याचदा मध्यापासून थोडा सरकलेला. व्रणाबाहेरची उघडी माती ज्वाळेने तांबूस-तपकिरी होते.

थोडक्यात, सुखोथाईची सही आत असते आणि सवनखलोकची बुडाला.

इडलीपात्र
म्हणजे ठसे बघून इडली कोणाच्या घरची ते ओळखायचं.

चाकावरची_माती
धूर यांच्या म्हणण्याला मातीची जोड देते, कारण ठसे खोटे करता येतात.

सुखोथाईची माती भरड, राखाडी, वाळूमिश्रित, आत पांढरट कण. अशा मातीवर काळी रेघ उठत नाही. म्हणून आधी पांढऱ्या मातीचा दाट लेप, त्यावर लोहाच्या काळ्या रंगाने नक्षी, वरून पारदर्शक झिलई. बैठकीच्या कड्यापाशी लेप कुठे संपतो ते भिंगाने बघा. पांढरी रेघ आणि तिच्याखाली राखाडी भरड माती, हे सुखोथाईचं पक्कं लक्षण.

या लेपाच्या खोडी पण आहेत. माती अर्धवट वाळलेली, चामड्यासारखी असताना लेप दिला तर दोन्ही सारख्या आकसतात. पार वाळल्यावर दिला किंवा जाड दिला की भाजताना लेप सुटतो आणि झिलईसकट पापुद्रे निघतात. सुखोथाईच्या ताटल्यांची कड खरपुडी दिसते ती बरेचदा यामुळे, वापरामुळे नव्हे.

सी सच्चनालयची माती त्यामानाने बारीक पोताची, करडी, आत लोहाचे काळे ठिपके. उत्तरेकडच्या कालोंगची आणखी बारीक आणि फिकट, भांडं हातात घेतलं की अपेक्षेपेक्षा हलकं लागतं. उत्तरेतल्याच सान कांपेंगच्या ताटल्यांची कड बिनझिलईची असते, कारण त्या तोंडाला तोंड लावून रचत.

उलटी_वाटी
मोजलं. आत ठिपके नाहीत. तळाला झिलई नाही. बैठकीचं कडं १० सेंटीमीटर, त्याच्या आत सुमारे ६ सेंटीमीटरचा काळपट गोल व्रण, एका बाजूला सरकलेला. व्रणाबाहेर माती विटकरी.

चटकन_निकाल
सवनखलोक. धागा संपला. चहा घ्या.

भट्टीतला_धूर
इतकी घाई नको. ठिपके 'नाहीत' हा पुरावा नव्हे. ढिगाऱ्यातल्या सगळ्यात वरच्या ताटलीत कोण चकती ठेवणार? तिच्यात ठिपके नसतातच. व्रण 'आहे' हा पुरावा. आता मातीचा रंग बघा आणि पांढरा लेप आहे का ते सांगा. सी सच्चनालयातही लेपावर काळी नक्षी काढत, त्यामुळे लेप असला म्हणून लगेच सुखोथाई म्हणू नका. लेपाखालची माती बघायची.

इतिहासाचा_कीडा
तोवर चिठ्ठीतलं 'तेरावे शतक' घेऊ. हे एका लाडक्या गोष्टीतून येतं: तेराव्या शतकातला सुखोथाईचा राजा रामखामहेंग चीनला गेला आणि येताना कुंभार घेऊन आला, त्यांनी भट्ट्या लावल्या. पुस्तिकांमध्ये ती अजून फिरते.

१९८० च्या दशकात डॉन हाइन आणि त्यांच्या ऑस्ट्रेलियन-थाई चमूने सी सच्चनालयजवळच्या बान को नोई इथे भट्ट्या उकरल्या तेव्हा वेगळं चित्र दिसलं. सगळ्यात जुन्या भट्ट्या नदीकाठच्या जमिनीत कोरलेल्या बोगद्यासारख्या. पुढच्या काळातल्या अर्ध्या जमिनीत, अर्ध्या वर. शेवटच्या, पूर्ण जमिनीवर विटांनी बांधलेल्या. जुन्या भट्टीच्या अवशेषांवर नवी, असे थरावर थर. पाहुण्या उस्तादाने एका फटक्यात आणलेली विद्या अशी दिसत नाही. पायरीपायरीने सुधारत गेलेली दिसते. चिनी वळण नक्षीत आणि आकारात आहे, ते नाकारत नाही. चीनच्या लुंगचुआनची हिरवी भांडी बाजारात समोर असताना कोण नक्कल करणार नाही? पण निर्यातीचा भर चौदाव्या शतकाच्या मध्यानंतर ते सोळाव्या शतकापर्यंत. माशाच्या ताटलीला तेरावं शतक लावणं म्हणजे नातवाच्या फोटोखाली आजोबांची जन्मतारीख लिहिणं.

को नोईच्या ४२ आणि ६१ क्रमांकाच्या भट्ट्यांवर छप्पर घालून जागेवरच संग्रहालय केलंय. थर तिथे डोळ्यांनी दिसतात.

यीस्ट_इंडिया_कंपनी
भट्टी आतून कशी असे? आपल्या कुंभाराच्या आव्यासारखी?

चाकावरची_माती
नाही. आव्यात भांडी आणि जळण एकत्र असतं, पुरेसं तापमान मिळत नाही. ही आडव्या ओढीची भट्टी: एका टोकाला खोलगट अग्निकुंड, मग उभी पायरी, पायरीवर चढती जमीन असलेला भाजायचा कक्ष, दुसऱ्या टोकाला धुराडं. ज्वाळा पायरीवरून उसळून आडवी वाहत जाते. १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचायला हवं, तेव्हा माती दगडासारखी बंद होते आणि पाणी पाझरत नाही.

हिरवा रंग झिलईतल्या लोहाचा, साधारण एक ते दोन टक्के. पण भट्टीत हवा कमी पडली पाहिजे. लाकूड ठासून, धुराडं आवळून ज्वाळा भुकेली ठेवली की लोहातला ऑक्सिजन खेचला जातो आणि समुद्री हिरवा येतो. हवा जास्त झाली की तीच झिलई पिवळट किंवा शेवाळी. एकाच भट्टीत अग्निकुंडाजवळचं भांडं आणि धुराड्याजवळचं भांडं दोन रंगांचं निघतं. म्हणून 'रंग वेगळा, म्हणजे भट्टी वेगळी' हा तर्क टाकून द्या. लोह पाच टक्क्यांच्या वर नेलं की तपकिरी-काळी झिलई.

तडे पडतात कारण थंड होताना झिलई मातीपेक्षा जास्त आकसते. ते जुनेपणाचं लक्षण नव्हे, कालच्या भांड्यालाही पडतात.

रानवाटा
राखेबद्दल एक. आजच्या चिआंग माईतले सेलेडॉनवाले, म्हणजे हिरव्या झिलईची भांडी बनवणारे, झिलईत भातशेतातली वरची माती आणि झाडाची राख घालतात. त्यातलं एक झाड थाईत 'रोक फा', म्हणजे आपला ऐन. ऐनाच्या सालीत चुना भरपूर, आणि चुना झिलईला वितळायला मदत करतो. आपल्याकडे काही भागांत ऐनाच्या सालीची राख पानाला चुना म्हणून लावत. एकच राख, इकडे विड्यात आणि तिकडे भट्टीत.

इडलीपात्र
कात टाकला की तपकिरी झिलई येते का?

शब्दखोर
हसू नका, पानाचा खरोखर संबंध आहे. सी सच्चनालयात चुनाळी ढिगाने बनत, छोटी, झाकणाची. आणि छोट्या बाहुल्यांमध्ये गाल फुगलेला कुबडा माणूस हमखास दिसतो, तोंडात काहीतरी कोंबलेलं आहे ते उघड. त्या बाहुल्यांची मुंडकी बरेचदा मोडलेली असतात. थाईत त्यांना 'तुक्कता सिया कबान' म्हणतात; आजारी माणसाची पीडा बाहुलीवर उतरवायची आणि तिचं मुंडकं मोडायचं, अशी समजूत सांगतात. लिंबू-मिरची उतरवणाऱ्यांना समजावून सांगायची गरज नाही.

तोटीची झारी पण बघा. तिकडे 'केंडी', मूळ आपली कुंडिका. हंसाच्या आकाराच्याही आहेत.

गलबत
आता तिसरा दावा, मर्तबान. इथे मला जरा वाद घालायचाय.

सी सच्चनालय यॉम नदीवर आहे. यॉम नानला मिळते, नान चाओ फ्रायाला, आणि त्या वाटेने माल थेट राजधानी अयुथयाला. तिथून थायलंडचं आखात. मर्तबान पलीकडे, ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर, मध्ये डोंगर. ताकवरून तिकडे जाणारा खुष्कीचा रस्ता होता, पण जड, फुटका माल बैलावर लादून डोंगर का चढवायचा, जेव्हा नदी फुकट नेते?

माल खरा कुठे गेला ते बुडालेल्या जहाजांत दिसतं. मलेशियाच्या किनाऱ्याजवळचं तुरियांग, साधारण १३७०: चिनी, व्हिएतनामी, सुखोथाई आणि सी सच्चनालय, सगळं एका जहाजात. रॉयल नान्हाय, साधारण १४६०: वीस हजारांवर भांडी, बहुतांश सी सच्चनालयची हिरवी. सत्ताहीपजवळचं को ख्राम: सुखोथाई आणि सवनखलोक शेजारी शेजारी. फिलिपिन्समध्ये कालातागानच्या दफनांत माशाच्या ताटल्या सापडल्या. सुलावेसीतही तेच.

इतिहासाचा_कीडा
आणि हे सगळं याच वेळी का, तर चीनमुळे. मिंग दरबाराने १३७१ पासून खासगी समुद्री व्यापारावर बंदी घातली, ती १५६७ पर्यंत या ना त्या रूपात राहिली. थाई भांड्यांच्या अभ्यासक रॉक्झाना ब्राउन यांनी जहाजांतल्या मालाची मोजदाद करून दाखवलं की पंधराव्या शतकात चिनी भांड्यांचा वाटा कोसळतो आणि त्या पोकळीत थाई, व्हिएतनामी माल भरतो. शतकाच्या शेवटी चिनी निळी-पांढरी भांडी परतली की थाई मालाची पीछेहाट सुरू. पुढे ब्रह्मी स्वाऱ्या, उत्तरेतली वस्ती अयुथयाकडे हलवली गेली, आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात भट्ट्या थंड.

गोव्याचा_वारा
@गलबत, मर्तबान इतकं सहज उडवू नका. आपल्या बाजूने बघा. हिंदी-उर्दूत मर्तबान म्हणजे लोणच्याची बरणी. इब्न बतूताने चौदाव्या शतकात मीठ घातलेलं आलं, मिरी, लिंबं आणि आंबे भरलेल्या मर्तबानांचा उल्लेख केलाय. १५८३ ते १५८८ गोव्यात राहिलेला डच माणूस लिन्सखोटेन लिहितो की मर्तबानहून हे मोठाले रांजण हिंदुस्थानभर येतात, घरोघरी आहेत आणि जहाजांवर पिंपांऐवजी वापरतात. काहींत दोन पिंपं पाणी मावतं.

गलबत
मान्य, पण ते काळे-तपकिरी रांजण. आणि त्यातही गंमत आहे: बाजारात 'मर्तबान' म्हणून फिरणारे बरेच चार कानांचे रांजण थायलंडच्या सिंगबुरी भागातल्या, मे नाम नोईच्या भट्ट्यांचे आहेत. १६०० साली मनिलाजवळ बुडालेल्या सान दिएगो या स्पॅनिश जहाजात ते होते. रांजण अयुथयाच्या मागच्या अंगणात बनत आणि नाव पलीकडच्या बंदराचं लागे. सवनखलोकच्या भट्ट्या बंद पडल्या तरी हे चालू राहिले, कारण रांजण हा माल नव्हे, मालाचं वेष्टण होतं. छोट्या कुप्या, वाडगे रांजणाच्या पोटात भरून पाठवत.

शब्दखोर
आणखी एक गाठ. पश्चिम आशियात 'मर्तबानी' म्हणजे हिरवी सेलेडॉन भांडी, मुख्यतः चिनी लुंगचुआन. मुघलांकडे याच हिरव्या भांड्यांना 'घोरी' म्हणत आणि विष घातलं की ती तडकतात अशी समजूत होती. म्हणजे एकाच नावाखाली ब्रह्मी रांजण, थाई रांजण आणि चिनी थाळी. विक्रेत्याची सोयच सोय.

गोव्याचा_वारा
ठीक. पण हिरवी थाई खापरं इराणी आखाताच्या तोंडाशी जुल्फारला सापडली आहेत. काही माल पश्चिमेला गेलाच.

गलबत
गेला. पण माशाच्या एका ताटलीच्या चिठ्ठीवर बंदराचं नाव लिहायला तेवढं पुरत नाही.

चहाची_कळा
जपान राहिलं. तिथे 'सुंकोरोकु' म्हणतात, आपल्या संखलोकचाच उच्चार. रिउक्यू बेटांच्या (आजचं ओकिनावा) कागदपत्रांत सयामशी, म्हणजे थायलंडशी, व्यापार १४२५ पासून दिसतो. सवनखलोकच्या झाकणाच्या छोट्या डब्या, मंगोस्टीन फळासारखा देठ असलेल्या, चहाच्या समारंभात धुपाच्या डब्या म्हणून मानाच्या ठरल्या. जपान्यांना देठ पर्सिमन फळाचा वाटला. थायलंडमध्ये साधी डबी, तिकडे रेशमी पिशवीत.

नकली_असली
मूळ प्रश्नाकडे येतो, पण आधी एक खोडा. व्रण आहे म्हणून ताटली जुनी, असं नाही. सुखोथाई आणि सी सच्चनालयात आजही नकला बनतात, प्रामाणिकपणे नवीन म्हणून विकतात. लबाडी नंतरच्या हातात होते. घरी करण्यासारख्या तपासण्या:

टिचकी. अखंड भांडं खणखणतं, जोडलेलं किंवा तडकलेलं दबकं वाजतं.

अंधारात अतिनील टॉर्च. रेझिनची भर आणि नवा रंग दुधी-निळसर चमकतो. नक्षी 'ताजी' करून दाम वाढवण्याचा उद्योग जोरात आहे. शंका आली तर कोपऱ्यात ॲसिटोनचा बोळा; झिलईखालचा लोहरंग हलत नाही, वरून काढलेला निघतो.

बैठकीची झीज. खऱ्या वापराचे ओरखडे सगळ्या दिशांनी, कमी-जास्त खोल. सँडपेपरचे समांतर.

शिंपले-प्रवाळ. खरी वाढ तुटक्या कडेवर आणि झिलईच्या तड्यात घुसलेली असते. चिकटवलेली ॲसिटोनने सुटते.

आणि जुना तळ, नवं अंग. खापराचा व्रणवाला तळ घेऊन त्यावर नवी ताटली बांधतात. म्हणून तळाची माती आणि कडेच्या टवक्यातली माती जुळते का ते बघा. प्रयोगशाळेत थर्मोल्युमिनेसन्स (मातीचा कण तापवून निघणाऱ्या प्रकाशावरून वय काढणं) करणार असाल तर आधी भांड्याचं सीटी स्कॅन करू नका, किरणांमुळे वय वाढून येतं. चाचणीत वीसेक टक्के इकडेतिकडे होतं, त्यामुळे ती 'पाचशे वर्षं की पाच' एवढंच सांगते, १४०० की १४५० ते नाही.

खारं_पाणी
समुद्रातली असेल तर मीठ तपासा. झिलईवर पांढरी भुकटी येते, पुसली की आठवड्याने पुन्हा येते? तर आत मीठ आहे. ते वाळताना स्फटिक होतं आणि झिलई आतून उचलतं. साध्या पाण्यात बुडवा, आठवड्याने पाणी बदला, मग डिस्टिल्ड पाण्यावर या. टीडीएस मीटरने (पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा) प्रत्येक पाण्याचं माप लिहून ठेवा. बदलल्यावरही आकडा चढेनासा झाला की काढा आणि सावलीत हळू वाळवा. जोडलेलं भांडं असेल तर हे करू नका, डिंक सुटेल. शिंपले काढायला टॉयलेट क्लीनर ओतणारे महाभाग आहेत. आम्ल झिलई मारतं आणि तड्यात शिरलेलं लोह पिवळं करून ठेवतं.

कायदेपंडित
एक टीप. थायलंडमधून पुराणवस्तू बाहेर न्यायला तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो, १९६१ चा कायदा. आणि शंभर वर्षांवरची वस्तू भारतात आली की १९७२ च्या कायद्याने ती इथेही पुराणवस्तू. खासगी माणसाला पुन्हा बाहेर पाठवता येत नाही. कागद मागा, चिठ्ठी नको.

उलटी_वाटी
सगळं करून बघितलं. कडेच्या टवक्यात माती करडी, बारीक, काळे ठिपके. पांढरे कण नाहीत. लेप पातळ आहे. तळाची माती तशीच. टॉर्चखाली माशाच्या शेपटीचा अर्धा भाग दुधी चमकला, बोळ्याने शेपटी गेली. बाकी मासा जागेवर. टिचकी खणखणीत. भुकटी नाही.

भट्टीतला_धूर
मग सी सच्चनालय, झिलईखाली काळी नक्षी, साधारण चौदाव्याचा शेवट ते पंधरावं शतक. शेपटी अलीकडची.

कोपरखळी
सज्जनालयाचा मासा, शेपूट मात्र दुर्जनाचं.

चाकावरची_माती
शेपटी पुन्हा काढून घेऊ नका. तिथली झिलई मुळात झिजलेली आहे का लेपासकट उडालेली, ते भिंगाखाली बघा आणि तसंच राहू द्या. चिठ्ठी बदलताना व्यास, कडं, व्रणाचं माप आणि 'शेपटीवरचा नवा रंग काढला' हे तारखेसकट लिहा.

उलटी_वाटी
लिहिलं. शेपटीच्या जागी लेप उडालाय, खाली काळ्या ठिपक्यांची माती दिसते.